ओले बूट आणि रात्रीचा हिटर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास, त्यामुळे सांगायचे ते राहूनच गेले. ओले बूट हिटरला टेकवून तू झोपी जातेस, हे तू इतक्या सहज बोलून गेलीस की त्यानंतर तुझ्या कामाविषयीचा एक शब्दही माझ्या डोक्यात शिरला नाही.

सोबतच्या खोक्यात बूट सुकवण्याचा विजेचा ड्रायर आहे. त्याच्या उभ्या नळ्यांवर बूट उलटे चढवायचे, म्हणजे कोमट हवा आपसूक वर चढत थेट चवड्यापर्यंत पोहोचते. पंख्याचा ड्रायर काही तासांत काम उरकतो, हा जवळजवळ रात्रभर घेतो. तरी मुद्दाम बिनपंख्याचाच निवडला, कारण त्याला आवाज नाही आणि वीजही साधारण ३० ते ४० वॅटच लागते. तुझा हिटर १५०० ते २००० वॅटचा असणार. एवढी आच बुटाला लागत नाही, आणि झोपलेल्या माणसाच्या उशाशी तर ती मुळीच नको.

बूट नळीवर चढवण्याआधी चिखल धुऊन टाक, आतले पाणी ओत, नाडी पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढ आणि सुखतळा काढून वेगळा वाळव. तो आतच राहिला तर वरून कोरडा वाटणारा बूट तळाशी ओलाच असतो आणि सकाळी मोजा घातल्याबरोबर ते कळते. ड्रायर भिंतीतल्या प्लगलाच लाव. हिटरच्या एक्स्टेंशनमध्ये त्याची भर घालू नकोस. खरे तर त्या हिटरपासून जळण्याजोगी कोणतीही वस्तू निदान एक मीटर दूर हवी, मग मोजे असोत की पांघरूण. पुन्हा हिटरवरच आलो. तुझ्या आईने पत्रात हा विषय एकदाच काढायचा, असे बजावले होते.

कातडे ओले असताना त्याला आच सोसत नाही. ते आक्रसते, कडक होते आणि घडीवर तडकते, शिवाय तळ चिकटवलेला असेल तर तोही सुटू लागतो. आजोबांचे बूट आठवतात का? शेगडीशेजारी रात्रभर राहिले आणि सकाळी त्यांचे चवडे होडीच्या नाळेसारखे वर वळलेले होते. आजोबा संतापले होते आणि तू त्याच बुटांत पाय घालून, दोन्ही हातांनी ते वर ओढून धरत, घरभर खडखडत फिरत होतीस. त्यांचा राग तिथेच संपला. तेव्हा तुझा अख्खा पाय त्यांच्या टाचेत मावत होता आणि आज तू पुराच्या पाण्याशेजारी उभी राहून नदीची पातळी नोंदवतेस. हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो, फक्त तुझ्यासमोर बोलत नाही.

बूट ओलेच घालून निघ, असे मी म्हणत नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय सडले, त्या विकाराला ट्रेंच फूट म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही, पाय सतत भिजलेले राहिले तर १६ अंश सेल्सिअसलाही तो होऊ शकतो. बोटांमधली बुरशी तर त्याहून सहज होते. म्हणून शक्य असेल तर बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापर, आणि वीज गेली तर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते भिजतील तसे बदलत राहा. हे सगळे तुला माझ्याहून जास्त ठाऊक असणार. उपदेश लांबला, माफ कर.

पण जिन्याखाली त्या रात्री काय झाले, ते तू पाहिलेले नाहीस. तू तेव्हा मामाकडे होतीस. दादाने पाहिले आहे, हवे तर त्याला विचार. तुला थंडी वाजते हेही मला कळते, तेव्हा झोपण्यापूर्वी खोली तापवून घे, पांघरूण जाड घे आणि हिटर बंद करूनच आडवी हो.

खोके मिळाले की एका ओळीत कळव, रागात असलीस तरी चालेल. आत्याला यातले काही बोललेलो नाही; तूही बोलू नकोस, नाहीतर ती तुला रोज रात्री फोन करून हिटर बंद केलास का म्हणून विचारील आणि मला तिला थांबवता येणार नाही.

तुझा,
बाबा