गिझरचा सेन्सर ‘डायरेक्ट’ करून मागू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी सांगलीत खणभागात राहतो. गेली १६ वर्षं गॅस गिझर बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. मागच्या डिसेंबरात विश्रामबागेतल्या एका घरमालकांचा फोन आला, ‘गिझर सारखा बंद पडतोय, पोरं कटकट करतात.’ कॉट बेसिसवर पाच विद्यार्थी राहत होते. चार बाय सहाची बाथरूम, गिझर आतच टांगलेला, आणि गार वारा येतो म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर थर्माकोल चिकटवलेला.

गिझर बिघडलाच नव्हता. त्यात ऑक्सिजन सेन्सर होता. सकाळी एकामागून एक अंघोळी, दार लावलेलं. चौथ्याची पाळी येईपर्यंत आतला ऑक्सिजन उतरायचा आणि सेन्सर गॅस तोडायचा. मालक म्हणाले, ‘तो सेन्सर काढा, डायरेक्ट करून द्या.’ मी नाही म्हणालो. तेवढ्यात एक पोरगा म्हणाला, ‘काका, परवा अंघोळ करून बाहेर आलो आणि गरगरून दारातच बसलो. वाटलं, उपाशीपोटी असल्यामुळं.’ माझ्या पोटात गोळाच आला.

दुकानात ‘फुल सेफ्टी’ म्हणून गिझर विकतात. ज्योत विझली की गॅस बंद, नळ बंद केला की बर्नर बंद, पाणी फार तापलं की कटआउट, २० मिनिटांचा टायमर. हे सगळं हवंच. पण यातलं काहीही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ओळखत नाही. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट धरतो. कोंदट बाथरूममध्ये टायमर संपेपर्यंत माणूस शुद्धीवर राहीलच असं नाही. ऑक्सिजन सेन्सरसुद्धा मोजतो तो ऑक्सिजनच; बर्नरवर काजळी धरली असेल आणि ज्योत निळी सोडून पिवळी जळत असेल, तर हवा पुरेशी असतानाही हा वायू निघतो. म्हणून गिझर बाथरूमच्या बाहेरच हवा. त्या घरात मी तो गॅलरीत हलवला. आठ-दहा फूट पाइप जास्त लागला, एवढंच.

माझ्या मेकॅनिक बंधूंना हात जोडून सांगतो, शे-दोनशे रुपयांसाठी कुणाचा सेन्सर डायरेक्ट करू नका. महापालिकेनं थंडीआधी कॉट बेसिसच्या खोल्यांमधले गिझर एकदा तपासावेत. आणि ज्यांच्याकडे गिझर अजून आतच आहे त्यांनी दार उघडं ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, आतली हवा जाऊ द्यावी आणि मगच दार लावून अंघोळ करावी.

आपला,
एक गिझर मेकॅनिक, खणभाग, सांगली