तपकिरीच्या बाटलीवरचे नाव

महोदय,
परदेशी कलावस्तूंच्या एका प्रदर्शनात नुकत्याच चिनी मातीच्या कोरीव तपकिरीच्या बाटल्या पाहिल्या. खाली चिठ्ठी एवढीच : ‘चीन, १९ वे शतक’. वाईट वाटले, कारण अशा काही बाटल्यांवर घडवणाऱ्याचे नाव असते.

चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चीनमधल्या जिंगदेझेन गावच्या शाही भट्ट्यांतल्या भांड्यांवर सहसा बादशहाच्या कारकिर्दीचा शिक्का असे. कुंभार निनावीच राही. १९ व्या शतकात मात्र चेन गुओझी आणि वांग बिंगरोंग या कोरीवकाम करणाऱ्या कारागिरांनी आपल्या कामाच्या तळाशी स्वतःची नावे उमटवली. हे मला फार मोठे वाटते. बांबू आणि हस्तिदंतावरची नक्षी त्यांनी चिनी मातीत आणली. माती अर्धवट वाळलेली असतानाच कोरावी लागते. ओली असेल तर रेघ बसत नाही, पूर्ण वाळली की कपची उडते. वर झिलई जाड बसली तर सगळी नक्षी बुजते. म्हणून झिलई पातळ, किंवा मुळीच नाही. हे सगळे मुठीत मावणाऱ्या बाटलीवर! तपकीर सर्दावू नये म्हणून तिचे तोंड अरुंद, आणि बुचालाच चिमुकला चमचा.

१८५५ मध्ये चीनच्या बादशाहीविरुद्धच्या तैपिंग बंडात जिंगदेझेनच्या भट्ट्या उद्ध्वस्त झाल्या. एवढ्या पडझडीतूनही ही नावे टिकली आहेत. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी बाटली उलटी करून तळ पाहावा, नाव असेल तर चिठ्ठीवर लिहावे, आणि शेजारी छोटा आरसा ठेवावा, म्हणजे ते आम्हालाही दिसेल.

– एक वाचक, पुणे