लेखकाला छंद विचारताय, तर खरा विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लेखकांचं घर, दिनचर्या आणि छंद यांवरचं सदर सुरू झाल्यापासून मी एकही भाग चुकवलेला नाही. तक्रार एकच आहे. 'छंद कोणते?' या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर 'वाचन, संगीत आणि प्रवास'. अहो, हे उत्तर आम्ही सातवीत गाईडमधून पाठ केलं होतं!

माझंच सांगतो. वडील कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सुट्टी असली की मी तिकडंच. रांगेनं मांडलेले रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, त्यांवर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या, पायाला चिकटणारी फरशी आणि बारीक खडा जिभेवर ठेवून डोळे मिटणारे व्यापारी. पिवळाधमक रवा असला की बोली चढायची. काळपट निघाला की शेतकरी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवायचा, उगीचच. 'माझा आवडता छंद' या निबंधात मी हे सगळं लिहिलं. सरांनी तांबड्या शाईनं आडवी रेघ मारली, 'सौदा बघणं हा छंद नव्हे' असा शेरा दिला आणि 'वाचन' हा निबंध उतरवून आणायला लावला. त्याला दहापैकी सात मिळाले. छंद विचारला की खोटं सांगायचं असतं, हे तेव्हाच पक्कं झालं. आपल्या पुरवणीतल्या थोरामोठ्यांनाही असेच कुणी सर भेटले असणार.

लिहायची गोडी मात्र शाळेत नाही, त्या दुकानातच लागली. हमालांची पत्रं लिहून द्यायचं काम माझ्याकडं आलं होतं. एका हमालमामांचं पत्र ठरलेलं असायचं, "हिकडं समदं बरं हाय, तिकडची खुशाली कळवा." मला ते फारच कोरडं वाटलं. कार्डावर अर्धी जागा मोकळी होती. मी आपल्या मनानं घातलं, 'रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जातो. पाण्यात सूर्य बुडताना तुमची फार आठवण येते.' पंधरा दिवसांनी मामींचं उत्तर आलं. वाचून दाखवायचं कामही माझंच. गोणपाटावर बसून चारचौघांत मी खणखणीत आवाजात वाचलं, 'रंकाळ्यावर कुणासंगं फिरताय?' दुकान हसून लोळायचं तेवढं राहिलं. मामा मात्र गप्प. मग म्हणाले, "बाळ, म्या कवा रं रंकाळा बघितला? आता तूच लिव्ह आन् निस्तर." ते निस्तरायला मला दोन कार्डं लागली. माझं लेखन कुणीतरी बारकाईनं वाचलं, त्याचा हा पहिला प्रसंग. पुढं दिवाळी अंकांत माझ्या पाच-सहा कथा आल्या, पण इतकी रोखठोक दाद पुन्हा मिळाली नाही.

असलं काही आपण लेखकांना विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. आपल्या जिल्ह्यात तर विचारण्यासारखं केवढं होतं! कागलच्या आनंद यादवांनी शिकण्यासाठी घरात केवढी झुंज दिली, ते 'झोंबी' या आत्मकथेत लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. वडिलांना शेतात राबायला हात हवे होते आणि पोराला शाळा हवी होती. त्या पुस्तकाला १९९० साली साहित्य अकादमी मिळाला, हे सगळे सांगतात. पोरगं पाटी घेऊन कसं गेलं, ते सांगणारा विरळा. वि. स. खांडेकर शिरोड्याची मास्तरकी करून १९३८ साली कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ, १९७४, हे तर स्पर्धा परीक्षेची पोरंही घोकतात. पण उतारवयात दृष्टी गेल्यावर त्यांना दुसऱ्याकडून लिहवून घ्यावं लागलं. ज्याचं आयुष्य कागदावर गेलं, त्याला आपलं वाक्य कागदावर उतरलेलं दिसत नाही; स्वल्पविराम कुठं पडला तेही दुसऱ्याला विचारायचं! शिवाजी विद्यापीठातल्या त्यांच्या स्मृती संग्रहालयात गेलो की माझ्या मनात पुरस्कार येत नाहीत, हा स्वल्पविराम येतो.

तेव्हा विनंती अशी, की 'छंद' हा रकाना सरळ काढून टाका. त्याऐवजी विचारा, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर काय लिहायचात? पहिलं वाचलं कुणी? ओरडलं कुणी? पोटासाठी काय करत होता? जमलं तर लेखकाच्या घरच्यांनाही विचारा. आमच्या सौभाग्यवती तुम्हाला सांगतील, की माझा छंद लेखन नसून गॅसवर दूध ठेवून विसरणं हा आहे. शाहू स्टेडियमवर पेठेची फुटबॉल मॅच असली की लेखनही बंद आणि दूधही, हे त्या आवर्जून जोडतील. छापा की तेही. मी तर म्हणतो, मॅचमध्ये घसा बसवून घेणारा लेखक बघून आमच्या गल्लीतलं एखादं पोरगं, आपल्यालाही जमंल की, म्हणून वही उघडेल.

आपला,
एक जुना वाचक,
शाहूपुरी, कोल्हापूर

ता. क. : जागा कमी पडली तर माझ्या कथांचा उल्लेख खुशाल कापा. रंकाळा तेवढा ठेवा.