अ‍ॅव्हरेज पडले की दोष फक्त इथेनॉलचा?

संपादक महोदय,

गाडीचे अ‍ॅव्हरेज पडले की हल्ली सगळे खापर इथेनॉलवर फुटते. ते अगदीच खोटे नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) सहा-सात टक्के घट येते आणि ई-१० च्या (१० टक्के इथेनॉलच्या) तुलनेत त्याच्या निम्मीच. १८ देणारी गाडी त्याने साडेसतरावर येईल. ती १४ वर आली असेल, तर खोट गाडीत आहे.

आधी नीट मोजा. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. एकाच पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, तीन-चारशे किलोमीटरनंतर तिथेच तसेच भरा आणि किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागा. मापाचा संशय असेल तर पंपावरचे ५ लिटरचे प्रमाणित माप मागा. त्यात २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का.

आपल्याकडे हमखास सापडणारे कारण म्हणजे काढून टाकलेला थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात गाडी तापली की कित्येक गॅरेजांत तो सरळ काढून ठेवतात. तापण्याचे खरे कारण बहुधा रेडिएटरच्या जाळीतली धूळ, बंद पडलेला फॅन किंवा कूलंटऐवजी ओतलेल्या बोअरच्या पाण्याचे क्षार हे असते. वॉल नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरते आणि इंजिन ८५-९० अंशांपर्यंत पोचतच नाही. इंजिन अजून थंडच आहे असे समजून ईसीएम (इंजिनाचा संगणक) जादा पेट्रोल सोडत राहतो. मे महिन्यात हे लक्षात येत नाही. डिसेंबरात धुळ्याच्या थंडीत मात्र तापमानाचा काटा वर चढत नाही. ईसीएमचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावून दहा किलोमीटर हायवेवर चालवा. कूलंट ७० अंशांच्या आसपासच घुटमळत असेल, तर वॉल नाही किंवा तो उघडा अडकला आहे.

दुसरा गैरसमज हवेचा. 'उन्हाळ्यात टायर फुटतो, हवा कमी ठेवा' हा सल्ला उलटा आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्यानेच तापतो आणि फुटतो. इंधन जाते ते वेगळेच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा आकडा पाहून सकाळी, गाडी चालवण्याआधी हवा भरा. पळून आल्यावर चार-पाच पॉइंट वाढलेले दिसतील, ते काढू नका.

बायपासवर चालवून, जोरात ब्रेक न मारता थांबा आणि चारही रिमांजवळ हात धरा. एकच चाक जास्त गरम लागले, तर तिथला ब्रेक धरून राहतो: कॅलिपरची (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन सुकली आहे किंवा हँडब्रेकची केबल ओढलेली आहे. जॅकवर चाक हाताने फिरवले की लगेच कळते.

एअर फिल्टरला मात्र उगाच बदनाम केले जाते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हवा जेवढी येते तेवढ्याच हिशेबाने पेट्रोल सुटते, त्यामुळे फिल्टर चोंदला की पिकअप आधी मरतो. टर्बो डिझेलची गोष्ट वेगळी. 'गरम मुलखात जाड ऑइल' म्हणून ०डब्ल्यू-२० या पातळ ऑइलच्या इंजिनात जाड २०डब्ल्यू-५० ओतणे मात्र अ‍ॅव्हरेजला नडते.

एवढे पाहूनही फरक राहिला, तर इंजेक्टर बदलण्यापूर्वी मेकॅनिककडून स्कॅनरवरचा लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो तो आकडा) पाहून घ्यावा. तो उणे-अधिक १० च्या आत असेल, तर इंजेक्टरला हात लावायचे कारण नाही. क्लच घसरतो का ते आधी तपासावे.

– एक वाचक, अमळनेर