कुऱ्हाडीचा दांडा बाईच्या मापाचा हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या ग्रामीण पुरवणीत अंगणात ओंडका फोडणाऱ्या बाईचं छायाचित्र आलं होतं आणि त्याखाली ओळ होती, ‘पुरुषांच्या कामातही मागे नाही’. छायाचित्र छानच आहे, पण त्या ओळीबद्दल लिहिल्यावाचून राहवेना. आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत मे महिन्यात येऊन बघा. लाकडं फोडणारा बाप्या दिसला तर खुशाल त्याचं छायाचित्र छापा, बातमी होईल. घरटी एक माणूस मुंबईला, दुसरा असलाच तर लोटे गावच्या एमआयडीसीत. मागे उरलेल्या बायकाच तोडतात, फोडतात आणि पावसाआधी पडवीत रचतात. हे काम पुरुषांचं कधी होतं ते माझ्या सासूबाईंनाही सांगता आलं नसतं.

आता कोणी म्हणेल, गॅस घरोघर आला, लाकडं हवीत कशाला? उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, तिचा उपयोगही झाला. सकाळचा चहा आणि घाईची भाजी गॅसवरच होते. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत पात्र घरांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. पण चार माणसांचं आंघोळीचं पाणी गॅसवर तापवून पाहा, १४.२ किलोची टाकी कधी संपली ते कळायचं नाही. भात उकडायचा म्हणजे अर्धा दिवस चुलवण धडधडायला हवं, तेव्हा कुठे उकडे तांदूळ मिळतात. गुरांचं आंबोण शिजवायचं तेही चुलीवरच. शिवाय सिलिंडरची गाडी येते ती डांबरी रस्त्यापर्यंत. तिथून वाडीपर्यंत भरलेली टाकी कोण आणतं, हे वेगळं सांगायला नको.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझ्या माहेरी, मंडणगडकडे, कितीतरी दिवस वीज नव्हती आणि पाखाडीवर, म्हणजे वाडीच्या पायवाटेवर, आंबे-फणस आडवे झाले होते. मुंबईहून आलेली माणसं करोनामुळे शाळेत विलगीकरणात. वाट मोकळी करायला कोयत्या घेऊन आधी बाहेर पडल्या त्या बायका. लाकूड कापायचं यंत्र मागाहून आलं. पडलेली ती झाडं पुढे बरेच दिवस चुलीला पुरली.

बायका सरपणासाठी जंगल तोडतात, असंही अधूनमधून छापून येतं. आमच्याकडचं सरपण म्हणजे बांधावरच्या ऐन-किंजळ झाडांचं लाकूड, काजूच्या मेलेल्या फांद्या, माडाच्या झावळ्या. खैर कोणी चुलीत घालत नाही, त्याला कातासाठी गिऱ्हाईक असतं. रात्री ट्रक भरून जातं ते लाकूड मोळीवालीचं नसतं, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

मला खरं बोलायचंय ते फोडण्याच्या कामाबद्दल. पाहणाऱ्याला वाटतं त्यात काय, दंडात जोर असला की झालं. ताकद लागतेच, पण आधी नजर लागते. ओंडक्याच्या तोंडावर उन्हानं बारीक चीर धरलेली असते, घाव तिच्याच रेषेत पडायला हवा. जाड बुंध्याच्या पहिल्याच घावाला मधोमध गेलं की पातं रुतून बसतं. म्हणून कडेकडेच्या ढलप्या काढत आत यायचं. गाठ चुकवायची, नाहीच चुकली तर पाचर ठोकायची. ऐन ओला असतानाच फोडून ठेवावा, वाळला की दगड. सावर-पांगारा एका घावात दोन होतात, पण चुलीत भुर्रकन जळून जातात, निखारा धरत नाहीत. भाकरीला निखारा लागतो. फोडण्याला महत्त्व का, तर ताज्या लाकडाचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असतं आणि साल ते पाणी आत कोंडून ठेवते. मृगाआधी फोडून उन्हात टाकलं तर वाळतं. ओंडका तसाच राहिला की श्रावणात फुंकणी घेऊन बसा, घर धुरानं भरतं आणि पाणी कोमटच. निर्धूर चूल आणली तरी ओल्या लाकडाचा धूर व्हायचा तो होतोच.

एवढ्या कसबाच्या कामाला आमच्या हातात हत्यार काय, तर बाजारातली कुऱ्हाड. तिचा दांडा उंच्यापुऱ्या बाप्याच्या मापाचा. पाच फुटांच्या बाईनं तो टोकाला धरला तर नेम राहत नाही आणि मधे धरला तर मागचं टोक पोटात बसतं. मूठ एवढी जाड की बोटं एकमेकांना भिडत नाहीत. तोडायला पातळ पात्याची आणि फोडायला जाड, पाचरीसारख्या पात्याची अशा दोन कुऱ्हाडी हव्यात हे माहीत सगळ्यांना आहे, पण घरात असते एकच. लोहाराकडून धामणीच्या लाकडाचा दांडा आपल्या मापानं घालून घेणाऱ्या बायका आहेत, पण धामण आणि लोहार दोन्ही आता शोधावे लागतात. दांडा उन्हाळ्यात आकसतो आणि पातं सैल होतं. म्हणून आदल्या रात्री कुऱ्हाड पाण्यात उभी करून ठेवायची, म्हणजे लाकूड फुगून धरून बसतं. हे विसरलं की काय होतं ते आमच्या शेजारच्या वहिनींना विचारा. पातं निसटून त्यांच्या नडगीवर बसलं, पावसाळाभर लंगडत होत्या. नऊवारीचा काष्टा होता तेव्हा पाय फाकवून उभं राहता यायचं. आता गाऊनवर फोडतो आणि घेर पायात येतो म्हणून वर टॉवेल गुंडाळतो. हसू नका, कामासाठी शिवलेले कपडे आम्हाला कोणी दिलेत?

सरकारी मोजणीची गंमत तर याहून मोठी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात प्रत्येक माणसाच्या कामाला एक क्रमांक देतात. वखारीत रोजावर लाकडं फोडणारा माणूस ५१ क्रमांकात, म्हणजे मजूर, काम करणारा. घरकाम सांभाळून घरासाठी लाकूडफाटा, चारा, भाजीपाला गोळा करणाऱ्या बाईला ९३ क्रमांक, आणि ९३ क्रमांकाच्या बाया श्रमशक्तीच्या बाहेर! ओंडका तोच, कुऱ्हाड तीच. सरकारदरबारी जी बाई काम करतच नाही, तिच्यासाठी अवजार करायचं कोणाच्या डोक्यात येणार?

वास्तविक अवजारं करणारे लोक फार लांब नाहीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानंच वैभव विळा दिला. हलका, दातेरी, भात जमिनीलगत कापणारा. आमच्या भागात जुना विळा बाजूला पडला तो त्याच्यामुळे. आंबा डागू नये म्हणून तो काढायचा नूतन झेला दिला, तोही तिथलाच. भातकापणीत बाईच्या मनगटाचा आणि आंब्याच्या देठाचा विचार ज्यांनी केला, त्यांना कुऱ्हाड जड जाऊ नये. मागणी फार नाही. फोडायची एक कुऱ्हाड, जाड पात्याची पण वजनाला बेताची, दांडा बाईच्या उंचीला आणि मुठीला बसणारा, पातं निसटणार नाही असं बसवलेलं. बरोबर लोखंडी पाचर. डोळ्यात ढलपी उडू नये म्हणून साधा चष्मा. बचत गटांना शिलाई मशिनं आणि पापडाची यंत्रं अनुदानावर मिळतात, त्याच यादीत हे बसवता येईल. शिलाई मशीन वाडीत दोघीतिघी चालवतात, कुऱ्हाड घरटी चालते.

आपल्या दैनिकानं हा विषय विद्यापीठाच्या अवजार विभागापर्यंत पोहोचवावा, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. कोणी यायचं ठरवलं तर मे महिन्यातच यावं आणि बायकांची उंची नि मुठी मोजून न्याव्यात. जून उजाडल्यावर आलात तर लाकडं पडवीत गेलेली असतील आणि आम्ही भाताच्या तरव्यात.

कळावे,
आपली एक वाचक,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी