शेवटचे दहा मीटर

प्रिय मंग्या,

इकडे सगळं ठीक. दादांचा गुडघा होता तसाच, वैशू पेपर तपासण्यात बुडालेली, माझी तब्येत उत्तम.

तुझा त्या किंगफिशबरोबरचा फोटो पाहिला. मासा देखणा आहे, शंकाच नाही. पण फोटोखाली तू ज्या चार ओळी लिहिल्यास त्यांनी झोप उडवली. श्वास रोखून बुडी मारून, भाल्याच्या बंदुकीने १८ मीटरवर मारला, ओढत वर आणला, वर आल्यावर मान आणि हात आपोआप हलत होते, जीभ जड झाली होती, मग सगळं ठीक. वर ‘थंडी वाजली असेल, पण मजा आली!’ आणि तुझा जोडीदार तेव्हा खडकाच्या पलीकडे स्वतःच्या माशामागे.

मंग्या, ती थंडी नव्हती. फ्रीडायव्हिंगवाले, म्हणजे टाकीशिवाय श्वास रोखून बुड्या मारणारे, त्याला ‘सांबा’ म्हणतात. मेंदूला प्राणवायू कमी पडला की स्नायूंवरचा ताबा सुटतो, तो हा प्रकार. आणखी थोडा कमी पडला असता तर शुद्ध गेली असती, आणि तिथे तुझं तोंड पाण्याबाहेर धरायला कुणी नव्हतं.

तू म्हणशील, खाली तर मला काहीच वाटलं नाही, श्वासाची ओढसुद्धा लागली नाही. तुझं हे वाक्य जुनं आहे. १०२ तापात फायनल खेळलास तेव्हाही ‘मला काही वाटत नाही’ म्हणत होतास, आणि नंदूच्या होडीवरून भांडलो तेव्हाही तुझ्याकडे एवढाच मुद्दा होता. तेव्हा मी सोडून दिलं. या वेळी सोडणार नाही.

दम संपल्याची जी ओढ लागते ती प्राणवायू संपत आल्याची नसते, कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. बुडीआधी तू पंधरा-वीस जोरजोरात श्वास घेतोस, ते मला तुझ्या व्हिडिओत दिसलं. त्याने प्राणवायू जवळजवळ वाढत नाही. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन एरवीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे ओढ उशिरा लागते आणि प्राणवायू मात्र आपल्या वेळेवर संपत जातो. तू घरातली धोक्याची घंटा काढून ठेवलीस आणि शांत झोप लागली म्हणून खूश झालास.

आता आकडे बघ. पृष्ठभागावर दाब १ बार, १८ मीटरवर २.८ बार. समज, तिथे मासा ओढताना तुझ्या फुप्फुसांत फक्त ५ टक्के प्राणवायू उरला. त्याचा दाब झाला ०.१४ बार, म्हणजे जमिनीवर निवांत बसलेल्या माणसाच्या फुप्फुसांत असतो जवळपास तेवढाच. मेंदू खूश, तू खूश. तोच ५ टक्के घेऊन पृष्ठभागावर ये: ०.०५ बार. तिथे शुद्धीचा भरवसा नाही. शिवाय वर येताना पाय मारण्यात आणखी खर्च होतो तो वेगळाच. १० मीटरपासून वरपर्यंत दाब थेट निम्मा होतो, म्हणून बहुतेक माणसं या शेवटच्या टप्प्यात किंवा डोकं बाहेर आल्यावर शुद्ध हरपतात. हो, बाहेर आल्यावरसुद्धा. पहिल्या श्वासातला प्राणवायू मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. ‘वर आलो म्हणजे सुटलो’ हे खरं नाही.

म्हणून वर आल्याबरोबर सगळी हवा भसकन सोडू नकोस. थोडीशी सोड, लगेच भरून घे, एक-दोन सेकंद धर, पुन्हा थोडी सोड, पुन्हा भर. असे निदान तीन, सहा झाले तर उत्तम. मास्क वर करणं, बोलणं, मासा दाखवणं त्यानंतर. आणि बुडीआधी दोन-तीन मिनिटं नुसता तरंगत पोटाने सावकाश श्वास घे, शेवटी एकच भरगच्च श्वास, मग स्नॉर्केल तोंडातून काढ. शुद्ध गेली तर तोंडातल्या त्या नळीतून पाणी सरळ घशात जातं.

जोडीदाराचं बोलतो. एकाच पाण्यात दोघं असले म्हणजे जोडी होत नाही. एक खाली, एक वर. वरच्याने बंदूक हातात धरून स्वतःचा मासा शोधायचा नाही, खालच्याकडे बघायचं, आणि तो वर आल्यावरही ३० सेकंद नजर काढायची नाही. शिकार त्याच खोलीवर करायची जिथून दोघांतला कच्चा माणूस पक्क्याला उचलून आणू शकेल. शुद्ध गेलीच तर पाठीवर उलथवून चेहरा पाण्याबाहेर, मास्क काढायचा, डोळ्यांभोवती फुंकर, गालावर चापट, नाव घेऊन ‘श्वास घे!’ बहुतेक जण एवढ्यावर येतात. दहाएक सेकंदांत श्वास सुरू झाला नाही तर तोंडाने दोन श्वास द्यायचे, दोघांचे शिशाच्या वजनाचे बेल्ट सोडून होडीकडे. शुद्ध जाते तेव्हा घसा आपोआप आवळतो आणि काही काळ पाणी आत जाऊ देत नाही. सगळी मदत त्या थोड्या वेळात व्हावी लागते. जोडीदार खडकाच्या पलीकडे असेल तर तो वेळ कुणाच्याच कामाचा नाही.

तुला वाटेल, हे नवशिक्यांसाठी. रशियाची फ्रीडायव्हर नतालिया मोल्चानोवा आठवते ना? २०१३ मध्ये ९ मिनिटं २ सेकंद श्वास रोखलेली. २ ऑगस्ट २०१५ ला स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ शिकवणी देताना, तिच्या विक्रमांपुढे किरकोळ अशा खोलीवर गेली आणि सापडलीच नाही.

बेल्ट कदाचित जड असेल. सूट घालून पाण्यात उभा राहा, श्वास सोड, पाय हलवू नकोस. डोळे पाण्याच्या वर राहिले पाहिजेत. बुडत असशील तर शिसं काढ. खाली जाताना सूटचं निओप्रीन (फेसाळ रबर) दबतं आणि तरंगण्याची ताकद घटते, म्हणून तळाशी वजन जास्तच भासतं, आणि तिथूनच तुला मासा ओढायचा असतो. बक्कल रबरी बेल्टचं, एका हाताने झटकन सुटणारं हवं. बंदूक मनगटाला बांधू नकोस. दोरीने पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटला बांध, म्हणजे मासा जोर करू लागला की सोडून वर येता येतं. माशामागे आणखी दोन मीटर, आणखी पाच सेकंद, यात माणसं जातात. किंगफिश पुन्हा मिळेल.

दोन बुड्यांमधली विश्रांती बुडीच्या निदान दुप्पट, आणि खोल जाशील तेव्हा खोलीला ५ ने भागून येतील तितकी मिनिटं. १८ मीटरला साडेतीन-चार. तुझ्याच प्रशांत महासागरात, तुआमोतू बेटांवरचे मोती काढणारे ३०-४० मीटरवर थोड्या थोड्या वेळाने बुड्या मारायचे आणि त्यांना चक्कर, लकवा, कधी मृत्यू यायचा. तिथे त्याला तारावाना म्हणतात. जवळच्या मांगारेवावरचे लोक तेच काम करत, पण दोन बुड्यांमध्ये १२ ते १५ मिनिटं थांबत, आणि त्यांना तो होत नसे. हा शरीरात साठलेल्या नायट्रोजनचा त्रास. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी, नसली तरी तो साठतो, हे लक्षात ठेव. स्कूबा केली त्या दिवशी तर श्वास रोखून बुडी मारूच नकोस.

कानाचं थोडक्यात. पहिल्या मीटरपासून कानांतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळवत जा, दुखायची वाट बघू नकोस. सर्दी असेल तर घरी बस. औषध घेऊन जाणं सर्वांत वाईट, कारण त्याचा असर खाली असताना उतरला तर वर येताना हवा अडकते. आणि खोकल्यातून गुलाबी फेस किंवा रक्त आलं तर त्या दिवशी पाणी बंद, डॉक्टरकडे जा.

नवं घर कसं आहे? धाकटीचा शाळेत जीव रमला का? सुलभाला म्हणावं, पुरणपोळीची कृती वैशू पाठवते आहे.

आता तीन गोष्टी कळव: बेल्टवर किती किलो आहेत, सूट किती मिलिमीटरचा आहे, आणि त्या खडकापलीकडच्या गृहस्थांचा नंबर. त्यांच्याशी मीच बोलतो. तोवर जोरजोरात श्वास घेणं बंद, आणि एकट्याने बुडी बंद, स्विमिंग पूलमध्येसुद्धा.

तुझा,
अव्या