ओटीचे ब्लाउजपीस, उरलेली लोकर आणि हातची भेटवस्तू

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

राखी पौर्णिमा, मंगळागौर आणि पाठोपाठ गौरी-गणपती असे सणांचे दिवस आता तोंडावर आले आहेत. सांगलीत हरभट रोडवर आणि मारुती रोडवर राख्यांचे आणि भेटवस्तूंचे स्टॉल लागले की खरेदीची लगबग सुरू होते, आणि या खरेदीत हळदीकुंकवाला लुटायच्या प्लास्टिकच्या डब्या, चमकीच्या कागदात गुंडाळलेल्या पिना आणि एका पावसात रंग सोडणारे कानातले यांचाच भरणा अधिक असतो. त्याच वेळी आपल्या घरांतील कपाटांत, ट्रंकांत आणि शिवणाच्या मशिनच्या खणांत कापड, लोकर, मणी, बटणे, लेस आणि रेशमी दोरे असे उत्तम साहित्य वर्षानुवर्षे पडून असते. शिवणारी व्यक्ती थकते किंवा निवर्तते, मुले परगावी जातात, घर आवरायला निघते आणि ते सगळे साहित्य घंटागाडीत जाते. हे साहित्य ज्याला नको त्याच्याकडून ज्याला हवे त्याच्यापर्यंत पोचावे आणि त्यातून नीटनेटक्या, हाताने केलेल्या भेटवस्तू तयार व्हाव्यात, यासाठी सांगली आणि मिरजेत एखादी ठरलेली जागा असावी, अशी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सर्वांत मोठा साठा ओटीच्या ब्लाउजपीसचा आहे. लग्न, डोहाळजेवण, वास्तुशांत, गौरीचे हळदीकुंकू अशा प्रत्येक निमित्ताने घरी आलेल्या सवाष्णीची ओटी भरावी, ही आपली रीत मला मनापासून प्रिय आहे. परंतु आज ओटीत घातले जाणारे बरेचसे पीस शिवून अंगात घालण्याजोगे नसतात. कापड विरळ असते, रंग जाणारा असतो किंवा पन्हा अपुरा पडतो. त्यामुळे ते एका घरातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या घरात फिरत राहतात आणि त्यांची घडी कोणीच मोडत नाही. हे कापड पूर्णपणे कोरे असते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. साधारण ८० सेंटिमीटरच्या एका पीसमधून मध्यम आकाराचे चार-पाच बटवे निघतात. कापड विरळ असल्यास त्याला आतून जुन्या सुती परकराचे किंवा धोतराचे अस्तर लावावे, म्हणजे बटव्याला अंग येते, आणि तोंडाशी नाडीसाठी नेफा ठेवून दोन्ही बाजूंनी नाडी ओवली की तो दोन्हीकडून ओढून बंद होतो. रंग जाणारे कापड मात्र कापण्याआधी दोनदा धुऊन घ्यावे, कारण अस्तर आणि वरचे कापड शिवल्यानंतर वेगवेगळे आटले तर बटवा कायमचा सुरकुततो.

खणाचा तुकडा हाती असेल तर काम आणखी देखणे होते. गुळेदगुड्डचे खण आणि इलकलच्या साड्या बागलकोट जिल्ह्यातून आपल्या भागात कित्येक पिढ्या येत आहेत, त्यामुळे इकडच्या जुन्या घरांत खणाच्या चोळ्या आणि त्यांच्या शिलाईतून उरलेले तुकडे हमखास सापडतात. खणाचा काठ बटव्याच्या तोंडाशी येईल असा बेत करून कापड कापले तर तिथे वेगळी पट्टी लावावी लागत नाही. खणाचे सूत कापलेल्या कडेला फार पटकन सुटते, म्हणून कापल्याबरोबर कडा दुमडून हातशिलाई घालावी किंवा शिंप्याकडून ओव्हरलॉक करून घ्यावे. शिंप्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, लेडीज टेलरच्या दुकानात संध्याकाळपर्यंत कातरणीचे पोते भरलेले असते आणि विचारले तर बहुतेक जण ते विनामूल्य देतात. "सगळं पोतं न्या, इथं निवडत बसू नका," एवढीच त्यांची अट असते आणि ती रास्तही आहे.

लोकर याहून मोलाची आणि याहून अधिक दुर्लक्षित आहे. आपल्याकडची थंडी बेताची असल्यामुळे मुलांचे स्वेटर फाटण्याआधीच लहान होतात आणि ट्रंकेत जातात. घरी विणलेला स्वेटर सहज उसवता येतो. विकतचा स्वेटर उसवायचा असेल तर तो आधी उलटा करून बगलेखालची शिवण पाहावी. कडा साखळीच्या टाक्याने जोडलेल्या असतील तर लोकर सलग सुटते. शिवणीला ओव्हरलॉक असेल तर भाग कापून जोडलेले असतात आणि प्रत्येक ओळीला हातभर लांबीचे तुकडेच हाती येतात, त्यामुळे असा स्वेटर उसवण्याच्या भानगडीत न पडता त्याच्या कापडाचीच उशी किंवा पिशवी करावी. उसवलेली लोकर नागमोडी असते आणि तशीच विणली तर वीण एकसारखी बसत नाही. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लडी करावी, लडी चार ठिकाणी सैल दोऱ्याने बांधावी, कोमट पाण्यात न चोळता भिजत ठेवावी, मग टॉवेलमध्ये दाबून पाणी काढून सावलीत टांगावी आणि खाली एखादी हलकी वस्तू अडकवावी. वाळेपर्यंत खऱ्या लोकरीच्या वळ्या बहुतांशी गेलेल्या असतात. ॲक्रिलिकच्या वळ्या एवढ्याने पूर्णपणे जात नाहीत, पण क्रोशाच्या घट्ट विणीत त्या दिसतही नाहीत. उसवण्याआधी कसर लागली आहे का, हे उजेडात धरून पाहावे, आणि बारीक भोके किंवा पांढरट जाळी दिसली तर ते लोकरीचे कापड इतर साहित्याजवळही ठेवू नये. एका लहान स्वेटरच्या लोकरीत बारशाला देण्यासाठी टोपडे आणि पायमोजे होतात, आणि उरलेल्या लोकरीत क्रोशाची फुले करून ती केसांच्या पट्ट्यांना लावता येतात. जुने लोकरी कपडे पिंजून त्यांचे पुन्हा सूत आणि ब्लँकेटे करण्याचा मोठा उद्योग पानिपतला चालतो. घरी उसवण्यात एक जास्तीचा लाभ असा की धागा पिंजला जात नाही आणि त्याची मूळची लांबी व ताकद टिकते.

दोरे, मणी आणि बटणे यांची पारख सोपी आहे. जुन्या रिळाचा हातभर दोरा काढून दोन्ही हातांनी झटका द्यावा. तो सहज तुटला तर शिवणीला वापरू नये, राखीच्या गोंड्याला तो चालतो. मणी ओल्या पांढऱ्या कापडावर घासून रंग लागतो का ते पाहावे. कापड कशाचे आहे हे कळत नसेल तर दोन सूत चिमट्यात धरून सावधपणे पेटवावेत. सुती सूत कागदासारखे जळते, रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो आणि त्याची राख बोटांत चुरते, तर पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. इस्त्री किती गरम ठेवायची हे यावरच ठरत असल्यामुळे ही परीक्षा टाळू नये. जरीच्या साडीच्या बाबतीत तर घाई मुळीच करू नये. अस्सल जरीत रेशमी धाग्यावर सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार गुंडाळलेली असते. तिची किंमत जाणकाराकडून समजून घेतल्याशिवाय तिला कात्री लावणे हे मोठे नुकसान आहे.

येथे एक मत स्पष्टपणे नोंदवते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला काचेच्या बाटलीवर मणी चिकटव, पुठ्ठ्यावर टिकल्या चिकटव, असे जे प्रकार करून घेतले जातात, त्यांतून पुन्हा वापरण्याची सवय लागत नाही. डिंक सुटला की मणी गळतात, बाटली धुता येत नाही आणि निरनिराळे पदार्थ एकमेकांना चिकटल्यामुळे ती काच भंगारातही नीट जात नाही. ज्या बाटलीचा भंगारवाल्याने उपयोग केला असता ती आपणच निकामी करतो. त्यापेक्षा शिवणे, ओवणे आणि विणणे मुलांना शिकवावे, कारण टाका उसवता येतो, माळ पुन्हा ओवता येते आणि साहित्य आणखी एकदा वापरता येते. धावदोरा, उलटी टीप आणि बटण लावणे एवढे आले तरी पाचवी-सहावीतला मुलगा किंवा मुलगी आजीसाठी चष्म्याचे सुंदर घर शिवू शकते.

जुने सगळेच वापरावे असेही नाही. गेलेले इलॅस्टिक, गंजलेले हुक आणि बुरशीचा वास असलेले कापड टाकूनच द्यावे. २०१९ च्या महापुरानंतर आपल्या गावभागात आणि पेठांत भिजलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडलेले सर्वांनी पाहिले आहेत. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात दिवसेंदिवस राहिलेले कापड भेटवस्तूला, विशेषतः लहान बाळाच्या वस्तूला, कधीही घेऊ नये. तान्ह्या मुलाच्या वस्तूला मणी आणि बटणेही लावू नयेत, ती सुटली तर तोंडात जातात.

वापरलेल्या वस्तूचे वाण कसे द्यायचे, असा संकोच अनेकींना वाटतो, आणि त्या भावनेचा मान राखला पाहिजे. हळदीकुंकवासाठी कोरे ब्लाउजपीस आणि न वापरलेले कटपीस घ्यावेत, म्हणजे प्रश्नच उरत नाही. दुसरीकडे, बाळासाठी दुपटी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांचीच शिवली जातात आणि अंथरुणातली वाकळ जुन्या कपड्यांच्या थरांचीच असते, हे आपल्या घरांनी आनंदाने स्वीकारलेले आहे. वस्तू विकायची असेल तर कापड जुने असल्यास तसे गिऱ्हाइकाला सांगावे, आणि साहित्य फुकट मिळाले म्हणून किंमत मातीमोल लावू नये. बचत गटांच्या प्रदर्शनात दुपारभर खपून शिवलेला बटवा चहाच्या किमतीला मागितला जातो, आणि तो देऊन टाकणाऱ्या भगिनी पुढच्या वर्षी तेथे दिसत नाहीत. निवडणे, धुणे, उसवणे आणि शिवणे या प्रत्येक कामाला वेळ लागतो आणि त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे.

राहता राहिला जागेचा प्रश्न. पूर्वी जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणी दारावर येत आणि कपड्यांना पुढची वाट मिळे. आता बंद दारांच्या अपार्टमेंटमध्ये त्यांचे येणे कमी झाले आहे. केंद्रीय गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' या मोहिमेत देशभरातील शहरांना जुने कपडे, चपला-बूट, पुस्तके, खेळणी आणि प्लास्टिक स्वीकारणारी केंद्रे उघडण्यास सांगितले होते. ही कल्पना चांगली आहे, परंतु हस्तकलेचे साहित्य अशा ढिगात टाकले तर ते वायाच जाते; मण्यांची पुडी कपड्यांखाली गेली की पुन्हा कोणाला सापडणार? त्यासाठी वेगळे कपाट आणि पारदर्शक डबे लागतात. प्रत्येक डब्यावर आत काय आहे, कापड असल्यास ते सुती की पॉलिस्टर आणि धुतलेले आहे की नाही, एवढे लिहिलेली चिठ्ठी असली की पुरे.

सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेने आपल्या तिन्ही शहरांत प्रत्येकी एका वाचनालयात किंवा सभागृहात असे एक कपाट ठेवण्यास जागा द्यावी, एखाद्या महिला मंडळाने महिन्यातून एक दिवस ते उघडण्याची जबाबदारी घ्यावी आणि शाळांच्या कार्यानुभव शिक्षकांना तेथून विनामूल्य साहित्य नेण्याची मुभा असावी, अशी माझी विनंती आहे. यासाठी मोठा निधी लागणार नाही. आपल्या वृत्तपत्राने श्रावणाच्या आरंभी, साहित्य कोठे देता येईल आणि कोठे मिळेल याची छोटी चौकट छापली तर वाचकांची फार सोय होईल. जागा ठरल्यास माझ्याकडील निवडलेले, धुतलेले आणि चिठ्ठ्या लावलेले साहित्य पहिल्याच दिवशी तेथे पोचवीन, आणि स्वेटर उसवून लोकर सरळ करण्याचे काम ज्यांना शिकायचे असेल त्यांना शिकवण्याचीही माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली